गोटी सोडा: सात महिने, सात क्रेट आणि उलटी झालेली ऑर्डर

फेब्रुवारीत पहिला क्रेट घरी आला आणि ऑगस्टअखेर सातवा संपला. एका क्रेटमध्ये २४ बाटल्या, म्हणजे एकूण १६८. त्यातली एक गाडीत फुटली, दोन आमच्या हातून फुटल्या आणि अकरा उघडल्या तेव्हा आत गॅसच नव्हता. बाकीच्या आम्ही तिघांनी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी संपवल्या. एवढ्या भांडवलावर मत द्यायला हरकत नसावी.

आधी घेतलं का ते सांगतो. मी मिरजेचा, आता पुण्यात. आई अजून मिरजेत असते, त्यामुळे महिन्याला एक फेरी ठरलेली. जानेवारीत स्टेशनकडे जाताना जुन्या सोडावॉटर फॅक्टरीचं शटर उघडं दिसलं. मध्ये बरीच वर्षं ते बंद होतं. आत पंचविशीचा एक पोरगा चक्र फिरवत होता. आम्ही ज्यांना चाचा म्हणायचो, त्यांचा हा नातू. बाटल्या त्याच, हिरवट काचेच्या, जाड, मानेत गोटी. मी गाडी बाजूला लावली, एक लेमन मागितलं आणि त्यानं अंगठ्यानं गोटी दाबली. पुढचं मला विचारू नका. मी उभ्याउभ्या घाऊक भाव विचारून मोकळा झालो.

सुटी बाटली तिथेच प्यायली तर २० रुपये. क्रेट उचलला तर बाटलीला १५, पण प्रत्येक बाटलीमागे ५० रुपये डिपॉझिट. म्हणजे पहिल्या वेळी ३६० अधिक १२०० मोजावे लागले. बायकोनं हिशेब ऐकला आणि म्हणाली, "सोड्यापेक्षा काच महाग." बरोबरच आहे. या सगळ्या प्रकरणात काचच मुख्य आहे, सोडा नंतर येतो.

ज्यांनी ही बाटली कधी हाताळलेली नाही त्यांच्यासाठी: हायरम कॉड नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८७२ साली तिचं पेटंट घेतलं. त्याआधी सोड्याला लाकडी बूच असायचं. बूच सुकलं की आकसतं आणि गॅस निसटतो, म्हणून काही बाटल्यांचं बूड मुद्दाम अंड्यासारखं गोल करायचे. अशी बाटली उभी राहूच शकत नाही, आडवीच पडून राहते आणि बूच आतून ओलं राहतं. कॉडनं बूचच काढून टाकलं. तोंडाच्या आतल्या खाचेत रबराचा वायसर आणि मानेत एक काचेची गोटी. बाटली उलटी धरून गॅस भरला की गोटी तोंडाकडे येते, आतला दाब तिला वायसरवर घट्ट दाबून धरतो. झाकण लावायला बाहेरून काहीच लागत नाही. जेवढा गॅस जास्त, तेवढं झाकण घट्ट. पुढे १८९२ मध्ये पत्र्याच्या बुचाचं पेटंट निघालं, आम्ही पोरं ज्याला बिल्ला म्हणायचो ते, आणि इंग्लंडमध्ये हळूहळू गोटी मागे पडली. आपल्याकडे मात्र ती टिकली. दिल्लीत तिला बंटा म्हणतात, तमिळनाडूत गोली सोडा आणि जपानात याच घडणीच्या बाटलीत रामुने नावाचं पेय अजून विकतात.

मानेला एका बाजूनं दोन खळ्या असतात. त्या खळ्या खालच्या बाजूला ठेवून बाटली वाकवली तर गोटी त्यांच्यात अडकते आणि सोडा सुरळीत येतो. उलट्या बाजूनं धरलीत तर गोटी घरंगळत तोंडाशी येते आणि धार तुटते. लहानपणी हे ज्ञान शाळेतल्या बेरीज-वजाबाकीच्या आधी मिळालं होतं. माझ्या मुलीला, वय १९, ते कळायला तीन बाटल्या लागल्या. चौथीला तिनं मैत्रिणीला शिकवलं.

आता वापराबद्दल.

उघडणं हा पहिला अडथळा. फॅक्टरीतला पोरगा अंगठ्याच्या एका झटक्यात गोटी आत ढकलतो. चाचा तर तळहाताच्या गादीनं दाबायचे आणि तेव्हा दुसरीकडे बघत असायचे. मला पहिल्या आठवड्यात अंगठा दुखायला लागला, आणि एकदा गोटी अर्धवट सरकून सोड्याचा फवारा थेट चष्म्यावर आला. दुसऱ्या क्रेटबरोबर त्यानं लाकडी दट्ट्या दिला, फुकट. छोट्या टोपीसारखा असतो, आतून खुंटी. बाटलीच्या तोंडावर ठेवायचा, वरून एक थाप मारायची आणि लगेच उचलायचा नाही. दोन-तीन श्वास तसाच दाबून धरला तर फेस खाली बसतो. घाईनं उचललात तर ओटा पुसावा लागतो. हे मला कुणी सांगितलं नाही, ओट्यानं शिकवलं.

दुसरी गोष्ट थंडावा. कोमट गोटी सोडा उघडणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. गॅस थंड पाण्यात जास्त विरघळतो. साध्या दाबाला शून्य अंशाजवळचं पाणी जेवढा कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं, त्याच्या निम्म्याहूनही कमी २५ अंशाचं पाणी धरतं. म्हणजे कोमट बाटली उघडली की धरून ठेवायची ताकद नसलेलं पाणी सगळा गॅस एकदम टाकून देतं आणि तुमच्या वाट्याला गोड पाणी उरतं. फ्रिजमध्ये किमान चार तास हवेत. काच जाड असल्यानं स्टीलच्या तांब्यासारखं पटकन गार होत नाही. फ्रीजरमध्ये ठेवू नका. मी ठेवलेली नाही, पण मेव्हण्यानं ठेवायचा विचार बोलून दाखवला तेव्हा मी त्याला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. पाणी गोठताना फुगतं आणि ही बाटली आधीच आतून दाब घेऊन बसलेली असते.

फुटलेल्या बाटलीची गोष्ट इथेच सांगतो. एप्रिलमध्ये तिसरा क्रेट घेऊन येत होतो. दुपारची वेळ, डिकी तापलेली. खंबाटकी घाटात मागून ठाप्पकन आवाज आला. मला वाटलं टायर गेलं. बाजूला घेऊन बघतो तर एका बाटलीच्या बुडाचे तुकडे, शेजारच्या बाटल्या चिकट आणि क्रेटवर टाकलेलं गोणपाट भिजलेलं. गोणपाट टाकायला त्या पोरानंच सांगितलं होतं. मी मनात हसलो होतो, आता हसत नाही. तापलं की आतला दाब वाढतो आणि जुन्या काचेला एखादा न दिसणारा चरा असतोच. त्यानंतर मी पहाटे निघतो आणि गोणपाट ओलं करून टाकतो. त्या बाटलीचं डिपॉझिट त्यानं कापलं नाही. आमच्या हातून फुटलेल्या दोन्हींचं मात्र कापलं, तेही योग्यच.

लहानपणी वर्तमानपत्रात दंगलीच्या बातमीत "दगड आणि सोडावॉटरच्या बाटल्या" हे शब्द जोडीनं यायचे आणि मला कळायचं नाही की इतकी चांगली वस्तू माणसं फेकतात कशाला. घाटातल्या त्या आवाजानंतर कळलं.

फुस्स निघालेल्या अकरा बाटल्यांचं मूळ वायसरमध्ये आहे. रबर जुनं झालं की कडक होतं, त्याला भेगा पडतात आणि गॅस हळूहळू जातो. वरून बघून ओळखता येत नाही. गोटी वायसरला चिकटलेली दिसते, पण दट्ट्या ठेवायच्या आधीच बोट लावलं की ती टपकन खाली पडते. मी अशा बाटल्यांच्या मानेला रंगीत चिकटपट्टी लावून परत द्यायला लागलो. पाचव्या क्रेटपासून हे प्रमाण एकदम कमी झालं. सहावा आणि सातवा मिळून एकच निघाली. त्यानं वायसर बदलले असणार. "काका, तुमच्यासारखं गिऱ्हाईक पाहिजे," म्हणाला. बहुतेक लोक फुस्स बाटली निघाली की परत फिरकत नाहीत, असं त्याचं म्हणणं.

धुण्याबद्दल मनात शंका असेल तर ती रास्त आहे. मान मधेच चिमटलेली, आत गोटी, त्यामुळे साधा ब्रश तळापर्यंत नीट पोचत नाही. मी फॅक्टरीत मुद्दाम उभा राहून पाहिलं. गरम पाणी, धुण्याच्या सोड्याचं पाणी, मग जोराच्या धारेवर उलटी बाटली आणि शेवटी उजेडासमोर धरून एकेक तपासणी. मला पटलं म्हणून मी घेतो. तुम्ही जिथून घ्याल तिथे स्वतः उभे राहून पाहा आणि दुकानात अन्नपरवान्याचा क्रमांक लावलाय का तेही बघा. घरी रिकामी बाटली परत द्यायच्या आधी लगेच विसळून ठेवावी, नाहीतर दोन दिवसांत मुंग्या गोटीभोवती संमेलन भरवतात.

आता चव. इथे माझी खरी फजिती झाली.

मी हे सगळं लेमनसाठी केलं होतं. लेमन म्हणजे लिंबू नव्हे. आमच्याकडे सोडा म्हणजे साधा, आणि लेमन म्हणजे तो पिवळाजर्द, गोड, वासाचा. पंढरपूरची छोटी गाडी तेव्हा मिरजेतून सुटायची, नॅरोगेजची. तिला बसवायला कुणी पाहुणे असले की परत येताना चाचांच्या दुकानी थांबायचं हे ठरलेलं. उरुसात तर दर्ग्याच्या रस्त्यावर हातगाड्यांची रांगच असायची. साधा सोडा चार आणे, लेमन आठ आणे. बिल्ल्याच्या बाटलीतली थंड पेयं लग्नात दिसायची, तीही मोजून. कोका-कोला १९७७ साली देशातून गेला होता, तो गेला हेसुद्धा मला पुष्कळ नंतर कळलं, कारण तो होता हेच माहीत नव्हतं. आमच्या जगात कोल्ड्रिंक म्हणजे हेच.

अण्णा, म्हणजे माझे वडील, स्वतःला साधा सोडा घ्यायचे. चाचा काचेच्या पेल्यात चिमूटभर मीठ आणि पादेलोण टाकायचे, अर्धं लिंबू पिळायचे आणि मग वरून सोडा ओतायचे. पेला फसफसून काठाला यायचा आणि अण्णा तो खाली बसायच्या आत एका दमात संपवायचे. मग डोळे मिटून एक ढेकर. मी एकदा हट्ट करून त्यातला घोट घेतला आणि रस्त्यावर थुंकला. पादेलोणाला अंडं उकडल्यासारखा वास येतो, सात वर्षांच्या पोराला तो सोसत नाही. अण्णा म्हणाले, "तुझं लेमन बरं तुला." मला ते खरोखरच बरं होतं.

पहिल्या क्रेटमध्ये मी २० लेमन आणि ४ जिरा घेतले. पहिली बाटली अप्रतिम. दुसरी छान. पाचव्या दिवशी मला जाणवलं की मी पहिला घोट घेतो, हं म्हणतो आणि उरलेली मुलीकडे सरकवतो. दोष भरणाऱ्याचा नाही. वास तोच आहे, रंग तोच आहे, जिभेवर पिवळा डागसुद्धा तोच पडतो. पण गोड किती! शेवटी एका रविवारी मी एक बाटली पातेल्यात ओतून मंद आचेवर आटवली. तळाशी चिकट पाक उरला, तो काट्यावर २२ ग्रॅम भरला. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. माझ्या २०० मिलीच्या बाटलीत दिवसाचा बहुतेक सगळा वाटा आला. लहानपणी ते चालून जायचं, कारण महिन्यातून एकदा मिळायचं. रोज फ्रिज उघडला की समोर उभं असणारं लेमन ही वेगळीच वस्तू आहे.

दुसऱ्या क्रेटमध्ये मी प्रयोग म्हणून सगळे प्रकार घेतले. ऑरेंज घेऊ नका, औषधाच्या गोळीसारखं लागतं. जिरा चांगला आहे, पण जेवणाआधीच, जेवणावर नको. आइस्क्रीम सोडा मुलीला आवडला. लहानपणी मी त्यात आइस्क्रीम कुठे आहे ते बाटली उजेडाला धरून शोधायचो, ते व्हॅनिलाच्या वासाचं नाव आहे हे कळल्यावर फसवल्यासारखं वाटलं होतं. रासबेरी त्याच्याकडे नाही. ती हवी असेल तर इराणी हॉटेलांकडे वळावं लागतं. असली पेयं करणाऱ्या जुन्या कंपन्यांत मुंबईच्या पालनजीची स्थापना १८६५ ची, ड्यूक्स १८८९ ची (ती १९९४ मध्ये पेप्सीनं घेतली), आणि पुण्यात लष्कर भागात अर्देशीर १८८४ पासून. अर्देशीरची रासबेरी मी तुलनेसाठी मुद्दाम पिऊन आलो. बन-मस्क्याबरोबर ती फार छान लागते. पण तिला बिल्ला आहे, गोटी नाही, आणि मला तेव्हा कळलं की माझं निम्मं प्रेम गोटीवर आहे.

साधा सोडा माझ्याकडे आला तो अपघातानं. तिसऱ्या क्रेटला लेमन संपलं होतं, पोरगा म्हणाला साधे बारा घेऊन जा. मे महिन्यात घरी आमरसाचं जेवण झालं, पोट तुडुंब, आणि मला पादेलोण आठवलं. पहिल्यांदा मी मीठ सरळ बाटलीत टाकलं. तसं करू नका. मिठाच्या कणांवर बुडबुडे धरतात आणि सगळा गॅस एकाच वेळी वर येतो. टेबलावरचं आमरसाचं भांडं वाचलं, टेबलक्लॉथ नाही. चाचा मीठ पेल्यात आधी का टाकायचे ते मला पन्नाशीत समजलं. पेला मोठा हवा, मीठ-पादेलोण तळाशी, लिंबू, मग सोडा कडेनं सोडायचा. आणि खरंच, फेस उतरायच्या आत प्यायला तर नाकात झिणझिण्या येतात, थांबलात तर नुसतं खारट सरबत.

ढेकर आली. डोळे मी मुद्दाम मिटले नव्हते, पण मुलगी म्हणाली, मिटले होते.

यानं पचन सुधारतं वगैरे दावा मी करणार नाही. पोटात गॅस घातला तर तो वर येणारच, त्याला औषध म्हणायचं कारण नाही, आणि ज्यांना आम्लपित्त आहे त्यांना तर तो छळतो. रक्तदाबवाल्यांनी पादेलोण हेही मीठच आहे हे लक्षात ठेवावं. मी आठवड्याला तीन-चार पितो, रविवारी मटणानंतर एक नक्की.

घरीच करता येईल का, हे बऱ्याच जणांनी विचारलं. मी एका रिकाम्या बाटलीत लिंबूसत्त्व आणि खायचा सोडा टाकून, बाटली उलटी करून पाहिली. गोटी बसली, पण दोन मिनिटांत सुटली आणि आतलं पाणी खारट-कडवट झालं होतं. गॅस तयार होताना मागे क्षार उरतो, त्याची ती चव. शिवाय किती दाब चढतोय ते कळायला काही मार्ग नाही. पुन्हा केलं नाही, तुम्हीही करू नका. फॅक्टरीत बाटल्या चक्राच्या पिंजऱ्यात घालतात, समोर जाळी असते, सिलिंडरचा गॅस सोडून चक्र गरगर फिरवतात म्हणजे तो पाण्यात घुसळला जातो, आणि बाटली उलटी असताना गोटी जागेवर बसते. तो पोरगा जाड हातमोजे आणि गॉगल लावतो. चाचा नुसत्या बनियनवर करायचे. त्यांच्या मनगटावरचा व्रण आम्हाला ते कौतुकानं दाखवायचे.

मॉलमध्येही गोटी सोडा मिळायला लागलाय. २०२५ मध्ये तर अपेडा या सरकारी निर्यात संस्थेनं "गोली पॉप सोडा" या नावानं तो परदेशी पाठवायला जोर दिला, अमेरिका, युरोप, आखात. मी मॉलमधले तीन घेऊन पाहिले. लेबल सुंदर, काच नवी, गॅस एकदम जोरदार. पण बाटली परत कुठे द्यायची, तर कुठेच नाही. घरात त्या तीन बाटल्या अजून पडून आहेत, टाकवतही नाहीत आणि उपयोगही नाही. बाटली परत द्यायची असल्यामुळे मी महिन्याला त्या दुकानात जातो, दहा मिनिटं उभा राहतो, कुणाचं वारलं, कुणाचं लग्न ठरलं ते कळतं. मॉलच्या बाटलीत हे येत नाही.

तक्रारी अजून आहेत. वजन फार, क्रेट एकट्यानं उचलला तर कंबर धरते. पावसाळ्यात फॅक्टरी आठवड्यातून दोनच दिवस चालते, फोन न करता गेलात तर शटर बंद. बिल हातानं लिहिलेलं. एकदा २४ ऐवजी २३ बाटल्या निघाल्या, पुढच्या वेळी २५ आल्या.

गेल्या शनिवारी रिकामे घेऊन गेलो तेव्हा नवी ऑर्डर सांगितली: २० साधे, ४ लेमन, तेही पाहुण्यांच्या पोरांसाठी. त्यानं वही उघडून फेब्रुवारीचं पान काढलं. तिथं माझ्या नावापुढे २० लेमन, ४ जिरा लिहिलं होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आमच्या आजोबांकडं एक अण्णा यायचे म्हणे, स्वतःला साधा आणि पोराला लेमन."

मी म्हटलं, पादेलोण आहे का तुझ्याकडं. त्यानं पेला घेतला.